बसवलेली हत्यारं

“त्या बसची पूजा मी करणार,” अक्काताई म्हणाल्या, आणि शेडमध्ये झाडलोट करणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

खंडेनवमी होती. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एरवी बोलायचं म्हटलं तरी ओरडावं लागतं. फौंड्र्या, लेथ, कॉम्प्रेसर, कुणी ना कुणी बडवतच असतं. नवमीला मात्र सगळी हत्यारं पाटावर बसतात आणि दसऱ्याचा मुहूर्त लागेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या दिवशी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाल चुकचुकली तरी ऐकू यायची.

“वहिनी, ऱ्हाऊ दे की,” दत्तोबा म्हणाला. “त्या गाडीला आपण लांबनंच नमस्कार करूया.”

“लांबनं का? माझं माणूस गेलंय त्या गाडीखाली. मी न्हाई जवळ जायचं तर कुणी?”

दत्तोबानं माझ्याकडे बघितलं. तो आमचा जुना वायरमन, फाटकाशेजारच्या खोलीतच राहायचा. मी तिथली टेस्टिंग इंजिनिअर, शिंत्रेबाई. वय अठ्ठावीस, नाकाच्या शेंड्यावर राग, आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. मी म्हणाले, “करू द्या की त्यांना. बस म्हणजे काय वाघ आहे?”

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. हे वाक्य आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

इंगवले साहेबांच्या त्या कारखान्यात आम्ही जुन्या डिझेल बसगाड्या विजेवर करायचो. सपाटीला काही अडचण नसायची, पण गगनबावड्याचा घाट नुसत्या बॅटरीवर चढवला की बॅटरी तापून निम्म्या वयात म्हातारी व्हायची. म्हणून तिच्या जोडीला आम्ही कपॅसिटरची बँक, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांची रांग, बसवायचो. पाहुण्यांना हे समजावताना साहेबांना तीन तक्ते लागायचे. आमचे मुख्य वायरमन रंगराव चौगुले ते असं उरकायचे: “बॅटरी म्हंजे बैल. दिसभर वढंल, पर पळ म्हटलं की पळणार न्हाई. कपॅसिटर म्हंजे घोडा. झटक्यात पळंल, पर दम दोन मिंटाचा. चढाला घोडा पुढं, सपाटीला बैल. आन उताराला बिरेक मारला की तीच वीज खाऊन घोडा परत ताजा.”

तेव्हापासून सगळा कारखाना त्या बँकेला घोडा म्हणायला लागला. घोडा रिकामा केला की त्याची दोन टोकं तांब्याच्या एका जाड पट्टीनं जोडून ठेवायची. त्या पट्टीला नाव पडलं लगाम. मी मीटर लावून शून्य बघायचं, झाकणावर खडूनं शून्य लिहून खाली सही करायची, आणि मग त्या घोड्याला उघड्या हातानं शिवायला हरकत नाही, असा आमचा नियम होता.

रंगराव म्हणजे अक्काताईंचे मालक. बावीस वर्षं सूतगिरणीत जळक्या मोटारींत नवी तार भरलेला माणूस. डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायचे, कुठली वायर जळलीय. आणि असा माणूस त्याच्या आदल्या वर्षी, दसऱ्याच्या सकाळी, त्या बसखाली गेला. साहेबांना नऊच्या ठोक्याला बस फाटकाबाहेर काढायची होती. रंगराव केबल जोडायला खाली शिरले ते परत आलेच नाहीत. मी धावत जाऊन मीटर लावला तेव्हा घोडा शून्य दाखवत होता. म्हणजे विजेला जागा एकच उरली, शेजारची बॅटरीची केबल. चौकशीच्या कागदावर तेच आलं: हातमोजे घातले नव्हते, मीटर लावला नव्हता, हात चुकून बॅटरीच्या केबलला लागला, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली साहेबांची सही, त्याखाली माझी.

साहेबांनी अक्काताईंना कँटीनमध्ये कामाला घेतलं. त्या कधी रडून दाखवायच्या नाहीत. फक्त आमटी वाढता वाढता पळी हवेत थांबवून विचारायच्या, “बाई, तुमी शिकल्याल्या. त्यांचा हात चुकला कसा, तेवढं सांगा की मला.”

“घाई झाली असेल, अक्काताई.”

“त्यांस्नी घाई कधी व्हायची न्हाई ओ.”

गावात एका लग्नात त्यांच्या जावेच्या भावानं पंगतीत म्हटलं होतं, वायरमन असून वायर ओळखता आली नाही, असा कसला वायरमन! अक्काताई भरल्या ताटावरून उठून आल्या होत्या. माणूस गेला त्याचं दुःख त्यांनी पचवलं, पण अडाण्यासारखा गेला हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि उतरणार तरी कसं?

बस तेव्हापासून मागच्या शेडमध्ये उभी होती. बैल काढून दुसऱ्या गाडीला जोडला होता. घोडा तसाच पोटात राहिला, कारण काढायला कुणी तयार होईना. दत्तोबानं तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की रंगराव गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती गाडी दम टाकत होती. “माणसागत ओ बाई. हुं करायची आन गप. परत हुं. यमच येऊन बसलेला आत, दुसरं काय?” मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. म्हटलं, दत्तोबा, नवमीचा प्रसाद जरा जास्त झाला असेल तुम्हाला. बिचारा माळकरी माणूस. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

या वर्षी मात्र त्या बसला गिऱ्हाईक आलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर बघायला येणार होतं. साहेब म्हणाले, बाई, घोडा चांगला आहे की मेलाय ते बघा. मी तीन दिवस त्याला भरला आणि उतरवला. नवमीच्या सकाळी शेवटची चाचणी घेतली. हीटरची कॉइल लावून सहाशे चाळीस व्होल्टवरून दहा मिनिटांत शून्यावर आणला, कारण अकराची पूजा आणि साहेबांचे तीन फोन. दत्तोबानं लांबूनच हात पुरवून लगाम घातला, मी मीटर लावला, खडूनं शून्य लिहिलं, सही केली.

पुढच्या शेडमध्ये अक्काताई परात घेऊन बसल्या होत्या. चिंच आणि मीठ घेऊन तांब्याचं जे जे काही होतं ते घासत होत्या. अकराला पूजा झाली. पाटावर पाने, पकडी, सोल्डरची गन, रबरी हातमोजे, माझा मीटर, घासून लाल केलेल्या पट्ट्या, सगळ्यांवर झेंडू आणि गंध. साहेबांनी नारळ फोडला. पेढे वाटले. मग जो तो पांगला. पाच-सहाजण पुढच्या शेडमध्ये पत्ते कुटत बसले.

चार वाजता अक्काताई ताट घेऊन आल्या. “चला बाई.”

मागच्या शेडला कुणी झाडलं नव्हतं. उन्हाचे कवडसे पत्र्याच्या भोकांतून खाली आले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. बस मधोमध उभी. चाकं दगडांवर, काचांवर धुळीचा थर. दत्तोबा दारातच थबकला.

“मी हितंच हाय,” तो म्हणाला.

“असा,” मी म्हणाले. “भूत बाहेर पळालं तर पकडा.”

कुणी हसलं नाही. मलाही माझाच आवाज नको इतका मोठा वाटला.

अक्काताईंनी बसच्या नाकाला गंध लावलं, हार घातला. मग बाजूला येऊन कुशीतलं मोठं झाकण उघडलं. त्या झाकणामागेच घोडा होता आणि त्याच्या बरोबर खाली रंगराव सापडले होते. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि उदबत्ती पेटवायला काडी ओढली.

तेवढ्यात ते ऐकू आलं.

हूं.

लांबून नाही. आमच्या समोरून, बसच्या पोटातून. कुणीतरी जड ओझं उचलायला जावं आणि अर्ध्यात सोडून द्यावं, तसा आवाज. मग शांतता. मी मनात पाच मोजले असतील.

हूं.

अक्काताईंच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली तरी त्यांना कळलं नाही. दारातून दत्तोबा ओरडला, “इठ्ठला, पांडुरंगा! बाई, भाईर या! भाईर या म्हणतो न्हवं!”

खोटं कशाला बोलू, माझी बोबडी वळली. त्या बसमध्ये बॅटरी नव्हती, कुठली वायर बाहेरून आली नव्हती. कारखान्याचा मुख्य स्विच मी स्वतः सकाळी पाडला होता. आणि आत, झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात, घोडा जागा आहे हे दाखवणारा लाल दिवा लागला होता. पुरता नव्हे. राखेखालचा निखारा फुंकर घातल्यावर जेवढा दिसतो तेवढाच. आवाज आला की तो मंद व्हायचा, आवाज थांबला की परत उजळायचा.

अक्काताई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“आवं,” त्या अगदी हळू म्हणाल्या, घरातल्या घरात बोलावं तसं. “आवं, मी हाय.”

हूं.

“वरीस झालं की ओ. कुठं हुता?”

मला त्यांना धरून बाहेर न्यायचं होतं आणि पाय उचलेनात. मी, जी भुताला पकडा म्हणाले होते, ती मनातल्या मनात कागलच्या देवीला नवस बोलत होते.

“सगळी म्हणत्यात तुमचा हात चुकला. मला पटत न्हाई. तुमी सांगा. चुकला का तुमचा हात?”

हूं. आणि लगेच परत, हूं.

अक्काताईंनी मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी. मग कुंकवाच्या वाटीत उजव्या हाताची बोटं बुडवली, डावा हात बसच्या लोखंडी चौकटीवर टेकवला आणि घोड्याला कुंकू लावायला पुढं वाकल्या.

तिथं दोन उघडी टोकं दिसत होती. दोन्ही टोकांच्या मध्ये काहीच नव्हतं.

मी त्यांना कशी ओढली ते मला नीट सांगता येणार नाही. मनगट धरून मागे खेचलं, आम्ही दोघी धुळीत पडलो, ताट उपडं झालं, कुंकू माझ्या तोंडावर उडालं. अक्काताई माझ्यावर हात उगारून ओरडल्या, “सोडा मला! बाई, सोडा! त्यांनी बोलावलंय मला!”

“अक्काताई, लगाम कुठं आहे? लगाम कुठं आहे याचा?”

“कसला लगाम? ते बघा की, बोलत्यात ते!”

“दत्तोबा, धरा यांना! झाकणाजवळ जाऊ देऊ नका. मेलात तरी सोडू नका!”

दत्तोबा बिचारा आत आला आणि त्यानं अक्काताईंना दोन्ही खांद्यांना धरलं. मी पळत पुढच्या शेडमध्ये गेले. पत्ते खेळणारे उठून उभे राहिले होते. माझं कुंकवानं माखलेलं तोंड बघून मुबारकच्या हातातली पानं गळून पडली. मी सरळ पाटाकडे गेले, मीटरवरचा झेंडू झटकला आणि मीटर उचलला.

“बाई!” सदा लोहार ओरडला. “बसवल्यालं हत्यार हाय ते! मुहूर्ताआधी उचलायचं नसतं!”

“माहीत आहे.”

“आवं, पाप लागतंय!”

“लागू दे.”

शेजारीच लगाम होता. चिंचेनं घासून लख्ख, वर गंधाचा टिळा. मी तोही उचलला, आणि हातमोजेही. सगळे माझ्या मागोमाग आले, पण मागच्या शेडच्या दाराशी थांबले.

हातमोजे चढवून मी मीटर लावला. आकडा स्थिर व्हायला एक क्षण लागला. चौऱ्याण्णव.

सकाळी शून्य होतं. मीच लिहिलेलं. खडूचं शून्य तिथं समोर होतं, खाली माझी सही, आणि मीटरवर चौऱ्याण्णव व्होल्ट.

तेलाचा डबा रिकामा झाला म्हणून आपण उपडा करून ठेवतो. थेंब थांबले की वाटतं, संपलं. तासाभरानं सरळ करून बघावं तर कडेचं तेल उतरून तळाशी पळीभर जमलेलं असतं. कपॅसिटरचंही तसंच होतं. घाईघाईनं उतरवला की वरवरची वीज जाते, आत खोल मुरलेली राहते, आणि मोकळं सोडलं की हळूहळू वर येते. म्हणून तर लगाम काढायचा नसतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत दोन मार्कांना लिहिलंही होतं. घोड्याला थंड ठेवणारा छोटा पंखा त्याच्याच विजेवर चालायचा. चौऱ्याण्णव व्होल्टवर त्याला पुरता जोर मिळत नव्हता, म्हणून तो उठायचा, हूं करायचा, पडायचा, आणि परत उठायचा.

“दत्तोबा,” मी म्हणाले, “गेल्या वर्षी मी मीटर लावायच्या आधी तुम्ही काय केलंत?”

“कधी?”

“रंगराव खाली पडले होते तेव्हा. मी येण्याआधी.”

“काय करणार? पाटावरनं लगाम उचलला आन घातला घोड्याला. मग वढलं त्यास्नी.”

“ठिणगी उडाली?”

“उडाली की. केवढी! मला वाटलं रंगूदादाचा जीवच गेला त्यातनं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलंच न्हाई, बाई.”

खरंच विचारलं नव्हतं. त्या ठिणगीतच घोडा रिकामा झाला होता; मला शून्य दिसलं आणि मी सुटले.

आता सगळं डोळ्यांसमोर आलं. गेल्या वर्षीची दसऱ्याची सकाळ. साहेबांना बस नऊला बाहेर हवी, हत्यारं उचलायचा मुहूर्त साडेनऊचा. मीटर पाटावर. हातमोजे पाटावर. लगाम पाटावर. केबल हातानंच फिरवून बसवायची होती, तिला पाना लागत नाही. बसवलेलं हत्यार न उचलणारा, रीतीचा माणूस. त्याच्यापाशी विश्वास ठेवायला एकच गोष्ट उरली होती, माझ्या हातचं शून्य. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामानं भिजलेले दोन हात आणि लोखंडाला टेकलेली पाठ. शंभराच्या आतले व्होल्टही माणूस मारायला पुरतात.

तेवढ्यात इंगवले साहेब आले. कुणीतरी फोन केला असणार. त्यांनी मीटर बघितला, लगाम बघितला, आणि ते हुशार माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, बाहेर सगळे म्हणतायत रंगरावाचा आत्मा आहे. म्हणू द्या. उद्या गुरवाला बोलावू, शांत करू, गाडी भंगारात घालू.”

“साहेब, आपण रिपोर्टात त्यांची चूक लिहिली.”

“भुतानं कारखाना बंद पडत नाही, रिपोर्टानं पडतो. चाळीस घरं आहेत यावर. आणि त्या शून्याखाली सही कुणाची आहे, ते आठवा जरा.”

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही, काळजीनं सांगितलं, म्हणून जास्त लागलं. नोकरी जाईल, कदाचित जेलही होईल, आई काय म्हणेल. आणि समोर अक्काताई, कपाळावर धूळ, डोळे त्या लाल दिव्यावर. त्या किती सुखात दिसत होत्या! गप्प बसणं इतकं सोपं होतं की काय सांगू. त्यांना नवरा मिळाला होता, साहेबांना कारखाना, मला माझं नाव.

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले.

“अक्काताई, ते इथं नाहीत.”

“हाईत. तुमी ऐकलं की.”

“तो पंखा आहे. छोटा पंखा.” मग मी सगळं सांगितलं. तेलाच्या डब्याचं सांगितलं. चौऱ्याण्णवचं सांगितलं. पाटावरच्या मीटरचं आणि मोज्यांचं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये पंखा हूं करत होता, आणि प्रत्येक हूंला त्यांची नजर तिकडे जायची.

“म्हंजे ते न्हाईत.”

“नाहीत.”

“आन त्यांचा हात चुकला न्हवता.”

“नव्हता. त्यांनी सगळं रीतीनं केलं.”

“मग कुणाचा चुकला?”

“माझा. शून्य मी लिहिलं होतं.”

“आन लगाम? लगाम कुणी काढलेला?”

गेल्या वर्षीची नवमी. परात, चिंच, आणि मालकांचा डबा द्यायला आलेल्या अक्काताई, सगळ्यांची भांडी घासून देणाऱ्या. बाई, ही घोड्याची पट्टी लई काळी पडल्या, काढून घासू का? आणि फोनवर बोलता बोलता, मान वर न करता, मी: घासा की, शून्य आहे. या वर्षी तर त्यांनी विचारलंही नव्हतं. मागच्या वेळी चाललं होतं, मग आत्ता का नाही?

“लगाम मी काढला,” मी म्हणाले.

अक्काताईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मीच नजर खाली घातली. उठल्या, पदर झटकला.

“आता ह्याला गप करणार तुमी?”

“करावं लागेल. आधी कॉइल लावून उतरवायचा, मग लगाम.”

“जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “एकदा करू दे अजून.”

आम्ही थांबलो. दिवा उजळला. बसच्या पोटातून आवाज आला, हूं, आणि अक्काताईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, “लावा.”

मी हीटरची कॉइल लावली. पंख्यानं एकदा उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दिवा विझला. आकडा उतरून शून्यावर आला तेव्हा मी लगाम घातला, गंधासकट.

बाहेर सगळे उभे होते. साहेबही. मी म्हणाले, “भूतबीत काही नाही. गेल्या वर्षी घोड्यात वीज होती. मी शून्य लिहिलं होतं ते चुकीचं होतं. लगामही मीच काढला होता. रंगरावांची काही चूक नव्हती.”

मग दत्तोबा खाकरला.

“बाई, रागावू नका,” तो म्हणाला. “पर तुमी त्या दिशी लगामाला हातबी लावला न्हवता. दिसभर फोनवर हुता तुमी. वहिनीला बरं वाटावं म्हणून बोलताय हे, कळतंय आमाला.”

सदानं मान हलवली. मुबारकनंही. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. “बाईंचं मन मोठं आहे, एवढंच,” असं साहेब म्हणायला लागले, आणि मला कळलं की संपलं. माझ्या एका खोट्यानं खऱ्याचीही माती केली. रंगराव परत अडाणी वायरमन झाले.

“लगाम मी काढला,” अक्काताई म्हणाल्या.

सगळे वळले.

“मी काढला. गेल्या साली आन ह्या सालीबी. काळा पडलेला, म्हणून चिंचंनं घासला आन पाटावर ठेवला. बाईंस्नी इचारून काढला, त्या घासा म्हणाल्या. त्यांनी शून्य लिवलं, मी लगाम काढला. दोघींच्या हातनं गेलं माझं माणूस.” त्या थांबल्या नाहीत. “पर त्यांचा हात चुकला न्हवता. ऐकलं न्हवं?”

दत्तोबा तोंडावर टॉवेल धरून उभा होता.

“दत्तोबा भावजी, ऐकलं?”

“ऐकलं, वहिनी.”

“सदा?”

“ऐकलं.”

“मुबारक?”

“ऐकलं, चाची.”

त्यांनी तिथं उभ्या असलेल्या एकेकाचं नाव घेतलं. एकालाही सोडलं नाही. प्रत्येकाचं ‘ऐकलं’ कानावर आल्याशिवाय त्या पुढच्याकडे वळायच्या नाहीत.

“साहेब, तुमी?”

इंगवले साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्काताई थांबून राहिल्या.

“ऐकलं, अक्काताई,” ते शेवटी म्हणाले.

मग त्या माझ्याकडे वळल्या, चौकशीच्या कागदावरच्या दुसऱ्या सहीकडे.

“बाई, तुमी?”